जस्ताची भट्टी कॉम्प्युटरवर मांडायची तर सुरुवात कुठून? – वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की जस्त आणि शिसं ही दोन्ही एकाच ब्लास्ट फर्नेसमधून काढता येतात, आणि अशा भट्टीचं कॉम्प्युटर मॉडेल करणं फार मोलाचं काम आहे. त्यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतो. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण त्या प्रश्नात मी स्वतः कित्येक वर्षं अडकलो होतो.

प्रश्न (शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, प्रतापनगर): सर, आमच्या ग्रुपने प्रोजेक्टला जस्त-शिशाच्या ब्लास्ट फर्नेसचं मॉडेल घेतलंय. सीनियर्सकडून लोखंडाच्या ब्लास्ट फर्नेसचं तयार मॉडेल मिळालं आहे, त्यात लोखंडाच्या जागी जस्ताचे आकडे टाकले तर चालेल का? की सरळ सीएफडीच (गॅस-द्रव कसे वाहतात याचं कॉम्प्युटरवरचं बारीक गणित) करू?

नाही चालणार बेटा. आणि का नाही चालणार हे नीट कळलं की तुमचा अर्धा प्रोजेक्ट झाला असं समजा.

लोखंडाच्या भट्टीत माल वरून टाकतात, खालून ट्वियरमधून (हवेच्या तोट्यांतून) गरम हवा मारतात, लोखंड वितळून तळाशी जमतं आणि वरून निघणारा गॅस बराच थंड झालेला असतो, दीडशे-दोनशे डिग्रीच्या आसपास. तिथे गॅस जितका थंड निघेल तितकं चांगलं, कारण उष्णता मालाने शोषून घेतली. जस्ताचं नेमकं उलटं आहे. जस्त ९०७ डिग्री सेल्सिअसला उकळतं, म्हणजे भट्टीत ते ऑक्साइडमधून सुटलं की वाफ होऊनच सुटतं आणि गॅससोबत वर निघून जातं, शिसं आणि मळी (स्लॅग, म्हणजे वितळलेला दगडी कचरा) मात्र खालून काढतात. म्हणून या भट्टीत वरचं तोंड मुद्दाम तापवून ठेवावं लागतं, कोक जवळजवळ ८०० डिग्रीपर्यंत आधीच तापवून टाकतात, आणि भट्टीतल्या मालाच्या वर थोडी हवा सोडून गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड जाळतात, हेतू एवढाच की गॅस १००० डिग्रीच्या खाली येऊ नये.

खाली आला तर काय होतं? गॅसमध्ये जस्ताच्या वाफेसोबत कार्बन डायऑक्साइडपण आहे. तापमान पडलं की जस्त त्याच्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि परत झिंक ऑक्साइड होऊन बसतं, भट्टीच्या तोंडाशी, कंडेन्सरकडे (जिथे जस्ताची वाफ थंड करून पकडतात) जाणाऱ्या गळ्यात, सगळीकडे दगडासारखे थर. मग काम थांबवून माणसांनी ते फोडायचे.

हा उंबरठा किती डिग्रीला आहे ते तुम्ही कॅल्क्युलेटरवर काढू शकता, कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. झिंक ऑक्साइड अधिक कार्बन मोनॉक्साइड यातून जस्ताची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, या रिअॅक्शनची गिब्ज एनर्जी (रिअॅक्शन कुठल्या दिशेने जाईल ते सांगणारा आकडा) मोलमागे साधारण १,७७,८०० वजा १११.५ गुणिले तापमान (केल्विनमध्ये) इतके जूल धरा. गॅसमध्ये ६ टक्के जस्त, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, २० टक्के कार्बन मोनॉक्साइड असेल आणि दाब एक वातावरण असेल तर समतोल येतो ९९० डिग्री सेल्सिअसच्या आसपास. आता फक्त कार्बन डायऑक्साइड १२ करा आणि मोनॉक्साइड १८. उंबरठा चढून १०१३ वर जातो. दोन टक्क्यांच्या फरकाने वीस-बावीस डिग्री! म्हणजे तापमान वाढवायला वरून हवा जास्त सोडली तर गॅस तापतो हे खरं, पण कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे उंबरठाही वर सरकतो, आणि या दोघांची शर्यत कोण जिंकतंय हे मॉडेलने सांगायचं असतं. हा एक प्रश्न जरी तुमच्या मॉडेलने नीट सोडवला तरी मी म्हणेन प्रोजेक्ट उत्तम झाला.

आता सीएफडीचं. त्याच्या आधी वही-पेन घ्या आणि जमाखर्च मांडा. सिंटरमध्ये (खनिजाची भुकटी भाजून केलेले ढेकळ, हाच भट्टीचा माल) जस्त साधारण ४० टक्के आणि शिसं २० टक्क्यांच्या आसपास असतं, ते कुठे कुठे गेलं, कंडेन्सरमध्ये किती, मळीत किती, धुळीत किती, खालच्या शिशात किती. कार्बनचा वेगळा हिशोब, ऑक्सिजनचा वेगळा, उष्णतेचा वेगळा. मी नोकरीत असताना एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) आम्ही मोठ्या हौसेने मॉडेल केलं होतं आणि दर महिन्याला त्यात जस्त कमी पडायचं, भट्टीत गेलेलं जस्त बाहेर आलेल्यापेक्षा जास्त दिसायचं. आम्ही समीकरणं तपासली, रेट कॉन्स्टंट बदलले, दोन महिने झोप नाही. शेवटी एका वजनकाट्यावरच्या माणसाने सांगितलं की गॅस धुताना जी ब्लू पावडर (जस्ताची बारीक धूळ) निघते ती सिंटर प्लांटला परत जाते ना, तिचं वजन ओलंच लिहितात. पाण्याचं वजन आम्ही जस्त म्हणून मोजत होतो. मॉडेल बरोबर होतं, वही चुकीची होती. तेव्हापासून माझा हट्ट आहे की आधी हिशोब जुळवायचा, मगच कोड लिहायचा.

हिशोब जुळला की भट्टीचे उंचीप्रमाणे आडवे थर कल्पून एका दिशेचं मॉडेल करा. इथे एक गाठ आहे: माल वरून खाली येतो, गॅस खालून वर जातो, म्हणजे मालाची माहिती तुम्हाला वरच्या टोकाला आहे आणि गॅसची खालच्या टोकाला. एका टोकापासून गणित सुरू करून सरळ दुसऱ्या टोकाला पोचता येत नाही, वरच्या गॅसचा अंदाज धरायचा, खालपर्यंत यायचं, ट्वियरशी जुळतंय का बघायचं, नाही जुळलं तर अंदाज सुधारून पुन्हा. पायथॉनमध्ये हे सगळं आरामात होतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर काही सेकंदात होतं.

त्यात दाबाचं गणितपण घाला. दगडांच्या ढिगातून गॅस जाताना दाब किती पडतो त्याला एर्गनचं १९५२ चं समीकरण वापरतात. ढिगातल्या पोकळीचं प्रमाण ०.४५ वरून ०.४० झालं, म्हणजे सिंटरमध्ये चुरा थोडा वाढला, तर जोरात वाहणाऱ्या गॅससाठी दाबाचा फरक दीडपटीच्या वर जातो. मॉडेलमध्ये हा आकडा डोळे मिटून कुठूनतरी उचलू नका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सीएफडी नंतर करा, आणि जिथे खरंच गरज आहे तिथेच करा: ट्वियरच्या तोंडाशी, भट्टीच्या वरच्या भागात, कंडेन्सरमध्ये. अजून एक, लोखंडाची भट्टी गोल असते म्हणून तिथे एक पाचर घेऊन मॉडेल करता येतं. ही भट्टी लांबोडकी, आयताकृती, टोकं गोलसर. प्रमाणित भट्टीचं क्षेत्रफळ १७.२ चौरस मीटर. तुमच्या सीनियर्सचं गोल भट्टीचं जाळं (गणितासाठी भट्टीचे पाडलेले छोटे तुकडे) इथे बसणारच नाही.

आणि मळी विसरू नका. मळीतलं जस्त शून्यावर आणू असं वाटतं खरं, पण कोक वाढवून फार ओढलं तर मळीतल्या लोह ऑक्साइडचं लोखंड व्हायला लागतं आणि ते तळाशी गोठून बसतं. म्हणून थोडं जस्त मळीत सोडावंच लागतं. किती सोडायचं, हा दुसरा चांगला प्रश्न आहे मॉडेलला विचारायला.

तुमच्या कॉलेजच्या धातुशास्त्र विभागात हे विषय शिकवणारे आहेत, त्यांना भेटा. खनिजाचं पृथक्करण कसं करतात ते डोळ्यांनी बघायचं असेल तर इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची हिंगण्याला मिनरल प्रोसेसिंगची प्रयोगशाळा आहे, कॉलेजचं पत्र घेऊन परवानगी मागून बघा. आपण नागपूरचे आहोत, देशातल्या खाणींच्या त्या ऑफिसचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, याचा फायदा आपल्या मुलांनी घ्यायला पाहिजे.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, महाल): जस्ताची वाफ पकडायला वितळलेलं शिसंच का? पाण्याने थंड केलेल्या नळ्या का नाही? सोप्या भाषेत सांगा.

गुरुजी, नळ्या लावून बघितल्याच होत्या लोकांनी, पण वाफ हळूहळू थंड झाली की मधल्या तापमानात ती रेंगाळते आणि तेवढ्यात परत ऑक्साइड होते. इलाज एकच, तिला विचार करायला वेळच द्यायचा नाही. १००० डिग्रीवरून क्षणात ५०० च्या घरात आणायची.

आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावतो तेव्हा काय करतो? वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडतो आणि ४५ डिग्रीची हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो. पाण्याचा पृष्ठभाग इतका पसरलेला असतो की हवा आत येईपर्यंत थंड झालेली असते. इथे पाण्याच्या जागी शिसं. कंडेन्सरमध्ये वितळलेल्या शिशाचं तळं असतं, त्यात रोटर फिरतात आणि शिशाचे थेंब पावसासारखे उडवतात, गॅस त्या पावसातून जातो, जस्त लगेच थंड होऊन शिशात विरघळतं. (फरक एक, कूलरमध्ये पाण्याची वाफ होते म्हणून गारवा, इथे शिशाची वाफ नाही होत, ते नुसतं तापतं, त्याचा उकळबिंदू १७४९ डिग्री.) मग ते शिसं बाहेर काढून ५५० वरून ४५० पर्यंत थंड करायचं, थंड शिशात जस्त कमी विरघळतं, जास्तीचं वेगळं होऊन वर तरंगतं, ते काढून घ्यायचं आणि शिसं परत कंडेन्सरमध्ये.

ही युक्ती इंग्लंडमध्ये अॅव्हनमथला इम्पीरियल स्मेल्टिंग नावाच्या जस्त बनवणाऱ्या कंपनीत विकसित झाली, १९५० च्या दशकात, म्हणून या पद्धतीला इम्पीरियल स्मेल्टिंग म्हणतात.

पण गुरुजी, शिशाच्या एका फेरीत जस्त किती सुटतं माहिती आहे? शिशाच्या वजनाच्या पाव टक्का. म्हणजे १ टन जस्तासाठी ४०० टन शिसं फिरवायचं. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी वहीवर उष्णतेचा ताळा करून बघितला. ४०० टन शिसं १०० डिग्रीने तापलं तर ते साधारण ५.६ गिगाजूल घेऊन जातं. दुसऱ्या बाजूने, १ टन जस्ताची वाफ द्रव होताना पावणेदोन गिगाजूल सोडते, आणि तिच्यासोबत आलेला बाकीचा गॅस (जस्त फक्त ६ टक्के, बाकी ९४ टक्के नायट्रोजन वगैरे) १००० वरून ४५० वर येताना अजून साडेचारच्या आसपास. बेरीज सव्वासहा. साडेपाच आणि सव्वासहा, मधला फरक भिंतीतून जाणारी उष्णता धरली तर जुळतं. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे एकमेकांजवळ आले तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर घाला, आठवी-नववीची पोरंही करतील.

तुम्ही शिक्षक म्हणून अजून एक सांगतो. जस्ताची वाफ हवा न लागू देता पकडायची, हेच कोडं आपल्याकडे उदयपूरजवळ झावरला शेकडो वर्षं आधी सोडवलेलं आहे. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, तोंड खाली करून ठेवलेल्या, एका भट्टीत सहा गुणिले सहा अशा ३६, वरून आच आणि वाफ खाली थंड भांड्यात उतरायची. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्ताचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. आणि त्याच राजस्थानात, चित्तोडगडजवळ चंदेरियाला, १९९१ मध्ये इम्पीरियल स्मेल्टिंगची भट्टी सुरू झाली.

प्रश्न (प्रॉडक्शन इंजिनिअर, हिंगणा एमआयडीसी): आता एआय आलंय, भट्टीचा पाच वर्षांचा डेटा मशीन लर्निंगला दिला की झालं ना, ही समीकरणं कशाला?

भाऊ, डेटा द्या, पण समीकरणं फेकू नका. भट्टी चालवणारे लोक तिला नेहमी एका अरुंद पट्ट्यात चालवतात, तापमान या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत, कोक एवढाच. त्यामुळे पाच वर्षांचा डेटा दिसायला डोंगर पण माहिती एकाच वाटेची. त्या वाटेवर मशीन लर्निंग छान चालतं, उद्या सिंटर बदललं, दुसऱ्या खाणीचा माल आला, की ते असे आकडे देतं ज्यात जस्त हवेतून तयार होतं. त्याला वस्तुमान टिकतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरी अडचण वेळेची. गॅसचं अॅनालिसिस मिनिटात मिळतं, सिंटरचं लॅबमधून तासांनी येतं, आणि मालाला भट्टीतून खाली यायला स्वतःचा वेळ लागतो. हे तिन्ही एकाच ओळीत ठेवून शिकवलं तर ते कारण आणि परिणाम उलटे शिकतं. मला पटणारी वाट अशी की जमाखर्च आणि समतोलाचं मॉडेल पाया म्हणून ठेवायचं, आणि त्याच्यात व भट्टीत जो फरक राहतो तेवढाच मशीन लर्निंगने शिकायचा, उदाहरणार्थ गळ्यात थर किती जमला असेल, रोटर किती झिजला असेल. या गोष्टींची चांगली समीकरणं तशीही आपल्याकडे नाहीत, तिथे एआयला काम द्या.

हेही सांगायला पाहिजे की जगातलं बहुतेक जस्त आता विजेवर, इलेक्ट्रोलिसिसने निघतं, आणि या भट्ट्या बऱ्याच बंद झाल्या, खुद्द अॅव्हनमथची २००३ मध्ये. पण जस्त-शिसं मिसळलेला माल आणि कारखान्यांतली धूळ, राख, भंगार खाण्याची या भट्टीची ताकद मोठी आहे, आणि भंगारातून धातू काढण्याचं काम वाढतच जाणार, म्हणून हे मॉडेलिंग जुनं झालंय असं मी मानत नाही.

प्रश्न (गृहिणी, कामठी रोड): आमच्या मागच्या गल्लीत रात्री जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. विचारलं तर म्हणतात, शिसं १७०० डिग्रीला उकळतं, आमची चूल तेवढी तापतच नाही, मग वाफ कुठून येणार? माझी मुलं लहान आहेत, खरं काय?

ताई, त्यांचा आकडा खरा आहे पण निष्कर्ष चूक आहे. पाणी १०० डिग्रीला उकळतं तरी अंगणातले कपडे त्याच्या कितीतरी आधी वाळतात ना? शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि उघड्या चुलीवर ते लाल होईपर्यंत तापवलं की थोडी वाफ निघतेच, हवेत ती लगेच बारीक धूळ होते. त्याहून जास्त तर बॅटरीतला काळा लगदा, तो शिशाचाच सल्फेट-ऑक्साइड असतो, वाळून उडतो. कारखान्यात याच धुळीसाठी गॅस धुतात, बॅग फिल्टर लावतात आणि किती धूळ पकडली ते लिहून ठेवतात. गल्लीत यातलं काहीच नाही, म्हणजे जेवढं शिसं त्यांच्या हिशोबात कमी भरतं तेवढं तुमच्या अंगणात आणि मुलांच्या हाताला आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. तुम्ही आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि मुलांची ब्लड लेड टेस्ट लिहून मागा. अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तरी मुलाकडे लक्ष द्यायला सांगतात, रिपोर्ट बघताना हा आकडा डॉक्टरांशी बोला. तोपर्यंत घर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, चपला बाहेर, जेवणाआधी मुलांचे हात साबणाने, आणि अंगणातल्या मातीत खेळणं बंद.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या नोंदणी झालेल्या रिसायकलरकडेच जायला हव्यात, अर्जात हे वाक्य लिहा. तारीख, वेळ, धूर कुठल्या बाजूला जातो हे रोज वहीत टिपून ठेवा आणि त्या पानांची झेरॉक्स जोडा. एकट्या जाऊ नका, गल्लीतल्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या, आणि रिपोर्ट आले की मला कळवा.